पूनमसिंगचा उजवा पाय

वणीच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक चालवणाऱ्यांत पूनमसिंगचा उजवा पाय नावाजलेला होता. केबिनमध्ये चढला की तो चपला सीटखाली सारायचा आणि अनवाणी तळव्याने गाडी चालवायचा. "चपलेतून गाडीची नाडी समजत नाही," असं म्हणायचा. चोवीस वर्षांत त्याने कुणाच्या बकरीलाही धक्का लावला नव्हता.

तपासणीत त्याला शुगर निघाली, त्याला आठ वर्षं झाली होती. मालक दर सहा महिन्यांनी चालकांचं रिकाम्या पोटी रक्त तपासून घ्यायचा. हा पठ्ठ्या चार दिवस आधी गोळ्यांची डबी काढायचा, गोड बंद करायचा, रात्री अर्ध्या भाकरीवर भागवायचा. रिपोर्ट बरा आला की वजनकाट्याजवळच्या टपरीत दोन कप गोडमिट्ट चहा, आणि डबी परत कपाटात. त्याची बायको हंसाबाई सांगून सांगून थकली.

"अवो, गोया रिपोर्टसाठी हायेत का तुमच्यासाठी?"

"मले काही होऊन राह्यलं का? मंग कायले खाऊ?"

खरंच काही होत नव्हतं, आणि खोट तिथेच होती. पायाला मुंग्या यायच्या, त्याही थांबल्या, तेव्हा तर गडी खूश झाला. स्वतःलाच फसवायला बसलेल्या माणसापुढे ब्रह्मदेवही हात टेकतो.

मे महिन्यात एका संध्याकाळी पाय धुवायला पाणी देताना हंसाबाईला वास आला. तिने उजवा पाय उचलून पाहिला. केबिनच्या तापल्या पत्र्याने बोटांखालचा तळवा भाजून फुटला होता, आत पू झाला होता.

"कवा भाजलं हे?"

त्याला सांगता येईना. तिने कपाळाला हात लावला आणि ती रडायला लागली.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तीन महिन्यांची साखर दाखवणारी तपासणी केली. तिथे चार दिवसांचं सोंग चाललं नाही. मग त्या म्हणाल्या, "काका, डोळे मिटा. पायाला काही लागलं की 'हो' म्हणा."

पूनमसिंग डोळे मिटून बसला. पंखा घरघरत होता. बराच वेळ गेला.

"करा ना सुरू, बाई."

उत्तराआधी त्याला हंसाबाईचा हुंदका ऐकू आला.

"दहा जागी टोचून झालं, काका."

दोन बोटं काढावी लागतील, साखर आवरली तर पाय वाचेल, असं बाई सांगत होत्या. त्याचं लक्ष नव्हतं. त्याला गेल्या आठवड्यातला बाजार आठवत होता. भरलेली गाडी, पुढे माणसांची गर्दी, आणि ब्रेक याच पायाने दाबलेला.

"बाई, मंग इतके दिवस गाडी कोन चालवून राह्यलं होतं?"

पूनमसिंगने खिशातून गाडीची चाबी काढली आणि हंसाबाईच्या हातात ठेवली.

"मालकाले देऊन टाक. म्या मांगतली तरी मले देजो नोको."