साहेबाचं बांडगूळ आणि देवाचं पाणी

नात त्याला ऑर्किड म्हणते. गंगाखेडला आमच्या घरात त्याचं नाव बांडगूळ होतं, साहेबाचं बांडगूळ. निजामाचा अंमल होता. सासरे तहसील कचेरीत पेशकार, आणि तहसीलदार साहेब लांबच्या रजेवर हैदराबादला जाताना हे झाड आमच्याकडं ठेवून गेले. नारळाच्या काथ्यात बांधलेलं, जाड हिरवी पानं, मुळं उघडीच हवेत लोंबणारी. "साहेबांची अमानत हाय," असं म्हणून सासऱ्यांनी ते स्वतः माजघराच्या खिडकीत टांगलं.

मी सोळा वर्षांची, धाकटी सून, चौथी पास. म्हणजे जगातलं सगळंच मला येत होतं. माती नाही त्या अर्थी झाड उपाशी आहे, असं मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. त्यातून श्रावण. सासऱ्यांची पूजा झाली की देवांच्या आंघोळीचं पाणी, दूध-दही-मध-साखर मिसळलेलं, पायदळी येऊ नये म्हणून अंगणातल्या तुळशीला घालायचं काम माझं. अंगणात घोट्याएवढा चिखल. मी तांब्या खिडकीशी नेला आणि पानांच्या मधोमध, जिथून कोवळं पान फुटतं बरोबर तिथं, ओतला. झाडाचं पोट भरलं, माझे पाय कोरडे राहिले, वर पुण्यही लागलं. अशी हुशार सून मिळाल्याचं घरात कुणाला काही कौतुक नव्हतं, एवढंच दुःख.

पंधरा दिवसांत पानं तपकिरी पडायला लागली.

सासूबाईंना निदान करायला वेळ लागला नाही. खिडकीच्या पलीकडं पडवी होती. महिन्याचे चार दिवस आम्ही बायका तिथं बाजूला बसायचो. माझी सावलीही त्याच खिडकीत पडायची, पण बोट थोरल्या जाऊबाईंकडं गेलं. त्यांना मी अक्का म्हणायची. नऊ वर्षं झाली, मूल नव्हतं.

"हिचीच सावली," सासूबाई म्हणाल्या. "स्वतःला काही नाही, आता दुसऱ्याचं हिरवं बघवंना. पुढल्या महिन्यापासून गोठ्यात बसायचं."

अक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. त्या दिवसांत गोठ्यात खाली ओल आणि भिंतीत विंचू. आदल्या साली आमच्या गड्याला तिथंच डसला होता.

मला अक्कांचं वाईट वाटलं म्हणून मीही वैद्यकी सुरू केली. चुलीचा धूर लागत असेल म्हणून दार लावलं. ऊन लागत असेल म्हणून खिडकीला धोतर बांधलं. आजाऱ्याला चार घास जास्त द्यावेत म्हणून पाण्यात जरा दूधही वाढवलं.

भाद्रपदात अक्का घोंगडं उचलून गोठ्यात गेल्या. मला पाहवेना. दुसऱ्या दिवशी मीही आपलं अंथरूण घेतलं आणि सांगितलं, मलाही बाजूला बसायचंय. मला काहीएक झालेलं नव्हतं.

अक्का मला पाहून म्हणाल्या, "खोटारडे. विंचवाला सोबत आलीस का मला?"

मग दुपारी म्हशीपाशी बसून त्यांनी सांगितलं. "उन्हानं पान कडंनं वाळतं, कुरकुरीत होतं. हे मधून सडायलंय. हात लाव, मऊ लागतंय. वास घेतलास कधी? आंबलेल्या दुधाचा वास येतोय. रोज सकाळी त्याच्या पोटात काय ओतायलीस, ते पडवीतून दिसत नाही व्हय?"

"मग बोलला का न्हाईत?"

"काय बोलू? आपलं पाप धाकटीवर ढकलायली, म्हणल्या असत्या."

मी बाहेर बसल्यामुळं देवाचं पाणी त्या दिवसांत सासूबाईंनी तुळशीला घातलं. आम्ही न्हाऊन घरात आलो तर सड थांबलेली. मग मीही तांब्या तुळशीलाच न्यायला लागले. आठवड्यात मधून हिरवं टोक दिसायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "बघा, गोठ्यात गेली तशी थांबली." म्हणजे आता गोठा कायमचा.

मी त्यांचे पाय धरून सगळं सांगितलं.

"देवाच्या पाण्यानं झाड मरतं म्हणतीस? हे कुठल्या शाळेत शिकलीस?" एवढंच बोलून त्या उठल्या.

आश्विनात अक्का पुन्हा गोठ्यात गेल्या. पहिल्याच सकाळी मी भरला तांब्या घेऊन सासूबाईंसमोर उभी राहिले.

"आत्याबाई, देवाचं पाणी झाडाला घालू?"

नाही कसं म्हणणार. "घाल की," म्हणाल्या.

चार दिवस मी त्यांच्या देखत ते हिरवं टोक बुडवलं. आधी मारलं ते अडाणीपणानं. आता जाणूनबुजून मारत होते. साहेब उद्या दारात उभे राहिले तर सासऱ्यांनी काय तोंड दाखवायचं, हे समजत होतं, तरी ओतत होते. चौथ्या दिवशी टोक धरलं तर ते चिमटीत निघूनच आलं. मी ते सासूबाईंच्या नाकाशी नेलं.

"वास घ्या. अक्का तर गोठ्यात हायेत."

त्यांनी वास घेतला. नाक पदरानं पुसलं. एकदा देवघराकडं बघितलं. मग म्हणाल्या, "पडवी झाडून ठेव. थोरलीचं घोंगडं पुढल्या खेपेला तिथंच टाक." चुकलं, असं त्या म्हणाल्या नाहीत.

सासरे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढं साहेबांची हैदराबादेतच बदली झाली. शिपाई त्यांचा पलंग न् पेट्या न्यायला गावात आला, त्यानं झाडाचं नावही काढलं नाही.

पण टोक निघून आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का न्हाऊन ओल्या केसांनी खिडकीपाशी आल्या. काथ्याला चिकटलेली काळी मुळं त्यांनी बोटानं चाचपली.

"मारायला लय लवकर शिकलीस," म्हणाल्या. "आता एखादं जगवून दाखव."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.