घासणी खराब

प्रयोगशाळेत तिला सगळे घासबाई म्हणत. वीस वर्षं तिचं काम एकच. पेन्सिलीच्या टोकाएवढे इलेक्ट्रोड ओल्या कापडावर, पांढऱ्या भुकटीत, इंग्रजी आठ गिरवत घासायचे, आरशासारखे लख्ख होईपर्यंत. मग साहेब त्यावर नाजूक लेप चढवत. कर्करोग असला की रक्तात एक एन्झाइम वाढतं, ते हा लेप कुरतडतं आणि यंत्रावर विजेचा आकडा चढतो. रोग वेळेत कळावा, हे साहेबांचं स्वप्न. बोटं झिजायची ती हिची.

तुलनेला निरोगी रक्त लागे. बाहेर कुठे शोधत बसणार? दर तीन महिन्यांनी पाच कर्मचारीच बाह्या वर करत, घासबाई सगळ्यांत पुढे.

"माझा आकडा कायम शून्याला टेकलेला," ती नवऱ्याला ऐटीत सांगे.

"शून्यच आहेस तू," तो चिडवायचा.

एकदा तो आकडा चढला.

"काय हो बाई, नीट घासलं नाहीत?" साहेब म्हणाले.

तिने पुन्हा घासलं. पुन्हा चढला. तिसऱ्यांदाही तेच.

"वय झालं तुमचं. हात चालत नाही पूर्वीसारखा." साहेबांनी वहीत तिच्या नमुन्यापुढे लिहिलं, 'घासणी खराब, वगळावा', तिचं रक्त घेणं बंद केलं आणि उरलेल्या चौघांवर शोधनिबंध छापला. त्या चौघांचे इलेक्ट्रोडही तिनेच घासले होते, ते बरे बरोबर निघाले! यंत्र खरं बोलत असेल, हे ते बनवणाऱ्यांच्या डोक्यात आलं नाही. तिच्याही आलं नाही, याची जास्त चीड येते. ती बिचारी घरी भांडी घासतानाही आपल्या बोटांकडे संशयाने बघायची.

सात महिन्यांनी पोटात कळ आली. कर्करोग पसरला होता.

"सहा महिने आधी आला असतात तर..." डॉक्टर म्हणाले.

साहेब इस्पितळात भेटायला आले. डोळे ओले होते, खोटं कशाला बोला. मग म्हणाले, "बाई, थोडं रक्त मिळालं तर... आता रुग्णांच्या गटात लागेल."

नवरा अंगावर धावून जाणार होता. तिने त्याला अडवलं आणि बाही वर केली.

"घ्या. पण आधी वहीतलं ते खोडा. माझा हात चांगला होता."

साहेबांनी मान खाली घातली. "निबंध छापून गेलाय, बाई. आता खोडलं तर लोक प्रश्न विचारतील."

तिने बाही खाली ओढली.