फुलांचा चहा कुणी प्यायचा?

बारामतीच्या बाजारात मेथीच्या जुड्या मांडून एक कळंबची बाई बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तिची लकब मात्र पाठ आहे. काहीही देण्याआधी ती ते चिमटीत चुरगळून हुंगते आणि मान डोलवते, जणू माल आधी तिलाच पटला पाहिजे.

तिच्याकडं कॅमोमाईलची वाळलेली फुलंही असतात, शेवंतीच्या धाकट्या बहिणीसारखी दिसणारी. त्यांच्या चहानं जीव शांत होतो म्हणतात. नातीची बारावीची परीक्षा तोंडावर आलेली आणि पोरीच्या डोळ्याला डोळा नाही. मी पिशवी घेऊन निघालेच. खोड जुनीच! तरुणपणी दिराला एक शिंक आली की मी अख्ख्या घराला काढा पाजायचे आणि स्वतःला धन्वंतरीची लेक समजायचे.

"दे गं बाई फुलं. रात्रभर मी नातीला विचारते, झोप लागली का गं? दरवेळी 'नाही' म्हणते."

बाईनं फूल चुरगळलं, हुंगलं आणि माझ्याकडं बघून मान डोलवली. "आजी, ह्यो चहा पोरीला नगं. तुमीच प्या. मग ती कशी झोपती बघा."

मी फणकारतच घरी आले. पण प्याले. सकाळी नात आळस देत म्हणाली, "आजी, काल एकदाही उठवलं नाहीस!"

पुढच्या बाजाराला बाईनं लांबूनच विचारलं, "झोपली का पोरगी?"

"दोघी झोपलो," मी म्हणाले.

त्या दिवशी तिनं फूल हुंगलंच नाही. हसत हसत सरळ मोठी पुडी बांधली.