वीज गेली आणि बँड वाचला

"उस्मानभाई, आज अर्धे डान्स तुमचे, अर्धे त्या मशीनचे," क्लबचे सेक्रेटरी देवधर म्हणाले. "लोक कशावर जास्त नाचतात ते मी बघणार. मग एकालाच ठेवणार. अहो, मशीनला चहा लागत नाही."

मशीन म्हणजे नवाकोरा रेकॉर्ड प्लेअर. कॅम्पातल्या त्या क्लबात दर शनिवारी संध्याकाळी आमचा बारा जणांचा जॅझ बँड वाजायचा. मी ट्रम्पेट वाजवायचो आणि बँडचा अरेंजरही होतो. अरेंजर म्हणजे एकच गाणं सगळ्यांत वाटून देणारा. चाल कोणी वाजवायची, मागून साथ कोणी द्यायची, कोणी कुठे गप्प बसायचं, हे मी प्रत्येकाला वेगळ्या कागदावर लिहून द्यायचो. त्या संध्याकाळी हरलो असतो, तर बाराही जण घरी बसले असते.

आणि आम्ही हरतच होतो. आम्ही वाजवलं की चार-सहा जोडपी उठायची. रेकॉर्ड लागली की फ्लोअर भरायचा. सॅक्सोफोनवाला डिकॉस्टा पुटपुटला, "उस्मान, आता आपण वरातीत वाजवायचं."

तेवढ्यात वीज गेली. रेकॉर्ड मंदावली, तिच्यातली गायिका पुरुषी आवाजात दोन शब्द म्हणाली आणि बंद पडली. हॉलभर हशा पिकला. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या!

"अहो, बघताय काय? वाजवा!" देवधर अंधारातून ओरडले.

आम्ही सुरुवात केली आणि लगेच कोसळलो. कागदच दिसत नव्हते. एकेक वादक कसलेला, पण सवय कागदाची. लोक पुन्हा हसले, या वेळी आम्हाला.

माझ्या वडिलांचा स्वारगेटजवळ लग्नाचा बँड होता. वरातीत कागद कुठला? वडील चालता चालता मागे वळून एक ओळ गाऊन दाखवायचे, मागचे ती उचलायचे. जॅझमध्येही हे चालतं. त्याला हेड अरेंजमेंट म्हणतात, म्हणजे कागदावर नसलेली, डोक्यातली. मी इतकी वर्षं लिहीत बसलो होतो की तिची आठवणच राहिली नव्हती.

"डिकॉस्टा, हे घे," म्हणत मी गायलो, "डा-बा-डा, डाऽ!"

"किती वेळा?"

"मी थांब म्हणेपर्यंत."

सॅक्सोफोन सुरू झाले. ट्रोम्बोनवाल्यांना मी मधल्या मोकळ्या जागेत बसेल असा तुकडा गाऊन दिला. ड्रमरला काही सांगावंच लागलं नाही. मग मी ट्रम्पेट उचललं आणि सुटलो. अंगावर काटा आला! कितीतरी दिवसांनी आम्ही एकमेकांना ऐकत होतो. अंधारात बुटांचा आवाज वाढत गेला. मेणबत्त्या आल्या तेव्हा दिसलं, फ्लोअरवर पाय ठेवायला जागा नव्हती.

वीज परत आली. रेकॉर्ड आपोआप सुरू झाली आणि आमच्या गाण्यात घुसली. "बंद करा ते!" नाचणारे ओरडले. देवधरांनी स्वतः धावत जाऊन वायर उपटली.

निघताना ते म्हणाले, "राहा तुम्ही. चहाही मिळेल. फक्त दर शनिवारी मेन स्विच मी बंद करणार."

तशी वेळ आम्ही येऊ दिली नाही. तेव्हापासून रिहर्सलचं शेवटचं गाणं दिवे मालवूनच व्हायचं. नव्या वादकाची तक्रार ठरलेली, "मला काही दिसत नाहीये."

अंधारातून डिकॉस्टा म्हणायचा, "छान. आता ऐक."