बैलाला केलेला नमस्कार

खालापुरात माझ्याइतका नम्र माणूस नाही, असं लोक म्हणत. मी शाळामास्तर, तरी रस्त्यात कोणीही येवो, आधी मीच वाकत असे. आता खरं सांगून टाकतो. लांबून कोण येतंय ते मला दिसतच नसे. जे हलेल त्याला हात जोडायचे, एवढंच. माझ्या लग्नात भटजींनी अरुंधतीची चांदणी दाखवली तेव्हाही, त्यांचं बोट होतं तिकडे तोंड करून मी ‘दिसली’ म्हणालो होतो. सगळेच म्हणतात.

माझी मुलगी मात्र असली लबाडी करीना. समोरून काका आला तरी ही सरळ पुढे. ‘मास्तरांची पोर भारी शिष्ट’ असं कानावर आलं, की मी तिला कान धरून उठाबशा काढायला लावी. डोळ्यांची शंका कोणाला येणार? आळीतल्या म्हाताऱ्या सुईत दोरा ओवायला तिच्याकडेच येत. तांदळातला खडा तिच्या हातून सुटत नसे. आमच्याकडे डोळ्यांची परीक्षा ती एवढीच. सुई मलाही झकास ओवता येई. तरी तिलाही माझ्यासारखंच लांबचं दिसत नसेल, हे मी बोललो नाही.

आपल्या मुलासाठी तिला बघायला दहिवलीचे गृहस्थ आले. ते कर्जतला रेल्वेत होते. शिष्टपणाची बातमी तिकडेही पोचलेली, त्यामुळे स्थळ हातचं जातंय या धास्तीने मी अर्धा झालो होतो. अंगणाच्या टोकाला गाडी थांबली.

"मी करीन तसं कर गं," मी पुटपुटलो आणि लवून नमस्कार केला. तिनेही केला.

"मास्तर, बैल हाय तो!" गाडीवान ओरडला.

"मी इकडे आहे," पलीकडून गृहस्थ म्हणाले. मग त्यांनी आम्हा दोघांनाही निरखून पाहिलं. "आमच्याकडे इंजिनवाल्यांचे डोळे लांबून निशाण दाखवून तपासतात. थांबा." ते विहिरीपाशी गेले. "बाळ, बोटं किती?"

"बाबा, काय सांगू?" मुलगी रडकुंडीला आली.

तिला हळूच सांगावं म्हणून मी डोळे बारीक केले. मला विहीरच दिसेना. ‘मलाही दिसत नाही’ म्हणायची ती वेळ होती. मी ठासून म्हणालो, "तीन!"

"मास्तर, मूठ आहे ही."

ते परत आले. "पोर शिष्ट नाही हो. तिला मुंबईला डॉक्टरकडे न्या. चष्म्याची सून आम्हाला चालेल."

मुंबईला तिचेच डोळे तपासले. माझ्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

पुढे तिचं लग्न झालं. अरुंधती दाखवताना तिने चष्म्यातून नीट शोधली, ‘दिसली’ म्हणाली, आणि चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"आता तुम्ही बघा. आणि खरं सांगा."

मी चष्मा लावला. "अगं, ही एवढीशी?"

"मग उठाबशा कोणी काढायच्या?"

सगळ्या मांडवादेखत मी कान धरले. दहिवलीच्या मंडळींना वाटलं, खालापुरात अरुंधती बघायची हीच रीत असेल.