मागच्या सीटची हवा

तुमच्या स्वतःच्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर तुम्ही कधी बसला आहात का? पुढं नाही, मागं. नसाल बसला, तर लाजू नका. मी ज्यांच्याबद्दल सांगतोय, त्या काकांनीही वीस वर्षं ती सीट फक्त फडक्यानं पुसली होती.

काका अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते आणि कॉलनीत आमच्या समोर राहायचे. रस्त्यात उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीचं टायर अंगठ्यानं दाबून बघायची त्यांना खोड होती. गाडी कोणाची, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. एकदा पोलिसांच्या जीपचं टायर दाबलं आणि आत बसलेल्या हवालदाराला शांतपणे म्हणाले, "साहेब, हवा बघा. पुढचं डावं बसलंय."

मी तेव्हा विशीत होतो आणि सगळ्या जगावर रागावलेला होतो. आमच्या घरात खुर्च्या दोन आणि चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे वीस. पाहुणे गठ्ठ्यावर बसत. कारखान्याच्या गेटवर मी वाटलेलं प्रत्येक पत्रक काका घडी न घालता, जपून घरी न्यायचे. मला वाटलं, एक तरी खरा वाचक मिळाला. मग एके दिवशी ते पडवीत बसून माझ्याच मथळ्यातून कात्रीनं गोल तुकडा कापताना सापडले.

"रागावू नको, पत्रकवाले. लोखंडाच्या सांध्यात पॅकिंगला तुझा कागद झकास. तेल प्यायला की फुगतो."

"वाचता तरी का, काका?"

"वाचतो ना. कापायच्या आधी वाचतो. हवा लय भरतोस तू. टणक होतं मग, बसलेला माणूस उडून पडतो. थोडी सोड."

मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी त्यांच्या अंगणात मोटरसायकलचं मागचं चाक सुटं पडलेलं दिसलं, आणि मला राहवलं नाही.

ती गाडी म्हणजे त्यांचं तारुण्य होतं. तिच्यावरून ते पार गिरनारपर्यंत जाऊन आले होते. आता मात्र त्यांना जायचं होतं फक्त सुरगाण्यापलीकडच्या एका गावात. ते काकूंचं माहेर. काकूंचा मणका सरकला होता. गावाकडच्या जीपमध्ये चौघांच्या जागेत नऊजण बसतात आणि प्रत्येक खड्डा नऊजणांत वाटला जातो. काकूंच्या वाट्याला आलेला त्यांना सोसत नसे. दोन वर्षं त्या माहेरी गेल्या नव्हत्या. तिकडं त्यांच्या आईला डोळ्यांनी दिसेनासं होत चाललं होतं. जीपवाल्याबरोबर म्हातारीचा निरोप यायचा, "मला दिसतंय तवर येऊन जा."

काकांनी शॉकअपच्या लोखंडी स्प्रिंगा काढून टाकल्या. त्यांच्या जागी रबराचे दोन जाड फुगे बसवायचे ठरवले. मोठ्या यंत्रांखाली हादरे गिळायला असतात तसले, भंगारवाल्याकडून शोधून आणलेले. फुग्यांना वरखाली लोखंडी ताटल्या, ताटल्यांमध्ये माझं पत्रक, आणि हवा भरायला ट्यूबचा व्हॉल्व्ह. सायकलच्या पंपानं हवा मारायची. हे सगळं जमायला तीन महिने लागले. पहिला फुगा असा फुटला की शेजारच्या आजींनी निवडणुकीचा निकाल लागला का म्हणून विचारलं.

चाचणी ताकाची. मागच्या सीटवर मी, माझ्या मांडीवर ताकानं काठोकाठ भरलेलं पातेलं. पहिल्या दिवशी ताकानं मला आंघोळ घातली. हवा दोन पौंड कमी केली, मग चार. शेवटी एका रविवारी आम्ही खड्ड्याखड्ड्यांतून दिंडोरी रस्त्याला जाऊन आलो आणि ताक पातेल्यातच राहिलं. काकांनी ते तिथंच उभ्याउभ्या पिऊन टाकलं.

जायच्या दिवशी काकू इस्त्रीची साडी नेसून बाहेर आल्या. गाडीच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या. बराच वेळ खाली बघत राहिल्या.

"पाय कुठं ठेवू?"

काकांनी खाली पाहिलं, मीही पाहिलं. फुगे जाड होते, मावत नव्हते. म्हणून काकांनी डाव्या बाजूची साडी अडवायची जाळी आणि बायकांनी पाय ठेवायची लांब पट्टी, दोन्ही काढून टाकली होती. तीन महिने मागच्या सीटवर मीच बसत होतो, दोन्हीकडं पाय टाकून, पँट घालून. एका अंगानं बसणारं माणूस आम्हा दोघांच्या हिशेबात कुठंच नव्हतं.

"सगळं माझ्यासाठी चाललंय म्हणून कॉलनीभर सांगितलंत," काकू म्हणाल्या. "आणि बसवलंत याला. एकदा तरी मला बसवून बघायचं."

"उद्या पट्टी लावतो ना परत."

"ते नंतर. आधी तुम्ही बसा मागं. मी बसते तसं. हा चालवेल."

पन्नाशीचे काका कंपनीच्या खाकी पँटीत एका अंगानं मागं बसले. पाय लोंबकळत होते आणि एका हातानं त्यांनी माझा शर्ट घट्ट धरला होता. आम्ही नाक्यापर्यंत जाऊन परत आलो. अख्खी कॉलनी गॅलरीत. कोणीतरी ओरडलं, "वहिनी, पदर सांभाळा." काका हसले नाहीत. उतरल्यावर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"फुगा बरोबर आहे," ते म्हणाले. "हादरा नाही. पण कंबर पिळते गं. सगळा वेळ पिळते. वीस वर्षं तू अशीच बसलीस?"

"मग काय, दोन्हीकडं पाय टाकून बसले असते? तुमच्या आईनं घरात घेतलं असतं का?"

त्याच महिन्यात स्त्रीमुक्तीवर चार पानी पत्रक लिहिलं होतं मी, आणि त्या क्षणी मला बुटाची नाडी बांधण्याचं फार महत्त्वाचं काम आठवलं.

"बस तशी," शेवटी काका म्हणाले. "दोन्हीकडं पाय टाक. बघू दे लोकांना."

काकू आत गेल्या. माहेरी भाताच्या लावणीला बायका साडी खोचतात, तशी गुडघ्यापर्यंत घट्ट खोचून बाहेर आल्या आणि टांग टाकून बसल्या. गॅलरीत या वेळी कोणी ओरडलं नाही. गाडी गेली.

तीन दिवसांनी परत आले ते नागलीचं पीठ आणि एक गोष्ट घेऊन. म्हातारीनं गाडीभोवती हात फिरवला, तिची बोटं फुग्यावर थांबली. यात काय भरलंय, म्हणून तिनं विचारलं. काका म्हणाले, हवा. म्हातारी म्हणाली, "लोक पोरी वाऱ्यावर सोडतात. माझ्या जावयानं वाऱ्यावर बसवून आणली." हे सांगताना काका अंगठ्यानं स्वतःचाच गुडघा दाबत होते.

नोकरी संपल्यावर दोघं तिकडंच राहायला गेले. "या वयात घरजावई झालो," काका सांगायचे. त्या फुग्यांतून हवा रोज थोडी थोडी जायची. सकाळी गाडी मागून बसलेली असायची. चहाआधी तिला पंप मारणं हा त्यांचा नेम होता.

गेल्या वर्षी काका गेले. मला कळायलाच उशीर झाला. मी त्यांच्या गावी पोचलो तेव्हा वाटलं होतं, गाडी पार बसली असेल. पडवीत ती ताठ उभी होती. भिंतीला सायकलचा पंप टेकवलेला.

"बसू नाही देत मी तिला," काकू म्हणाल्या. मग माझ्या मोटरसायकलकडं गेल्या, मागचं टायर अंगठ्यानं दाबलं आणि विचारलं, "लग्न झालं म्हणे. बायको बसते का यावर? काय म्हणते?"

मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

तेव्हा माझं हे एक पत्रक असं समजा, हवा कमी केलेलं. आज घरी गेलात की गाडीची चावी दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्या. तुमच्या मागं नेहमी जे माणूस बसतं, ते बसतं तसे मागं बसा. नाक्यापर्यंत जाऊन या. आणि उतरल्यावर त्या माणसाशी बोला.