आवाज पळवणारा कोण?

आमचे मामा कुणावर विश्वास ठेवतील तर शपथ! तीस वर्षं छापखान्यात मशीनवर काढली, तीही शाई कोण ढापतंय यावर डोळा ठेवून. रिटायर झाल्यावर माझ्या नाचाच्या क्लासात कॉम्प्युटरवर गाणी लावायचं काम मी त्यांना दिलं. तेवढ्यासाठी हा माणूस रोज इस्त्रीचा शर्ट घालून यायचा.

गेला महिनाभर मात्र गाणं अडायला लागलं. मुली हात वर करून उभ्या, मामा बटण दाबताहेत, पडद्यावर गाणं पुढे सरकतंय आणि हॉलमध्ये चिडीचूप. आवाज स्पीकरऐवजी मामांच्या हेडफोनमध्ये! स्पीकर निवडला तरी प्लेअर ढिम्म. बंद करून परत उघडला की मग शहाण्यासारखा चालायचा.

"हे त्या कराटेवाल्याचं काम," मामा माझ्या कानाशी लागून कुजबुजले, आणि ते अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. कराटेवाले सर सकाळी तोच हॉल वापरायचे. "काल मला बघून हसला. उगाच हसतं का कुणी?"

मामांनी घरी जाताना माऊसवर चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी पट्टी जशीच्या तशी, आणि आवाज गायब. "पोचलेला आहे," मामा म्हणाले. "पट्टी परत तशीच लावून जातो." मी कपाळावर हात मारून घेतला.

क्लासचा कार्यक्रम आठवड्यावर आला तशी मी वैतागले. "मामा, तिथे गाणं अडलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." त्यांचा चेहरा एवढासा झाला. बोलून गेले आणि माझंच मला वाईट वाटलं.

शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावलं. प्लेअर उघडताना जे जोडलेलं असेल तेच तो धरून बसतो, असं त्यांनी दाखवलं. मामा प्रत्येक गाणं आधी हेडफोनवर ऐकून ठेवायचे, तेही आवाज पार चढवून. बाईंनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "आता फक्त स्पीकर. विषय संपला."

"हिला त्यानेच पाठवलं नसेल कशावरून?" मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नुसत्या बासरीवरचा नाच होता. मामांनी बटण दाबलं, थोडं थांबले, आणि माझ्याकडे वळून गरजले, "बघ! पळवला परत! आता तरी पटलं का?"

बासरी हॉलभर छान वाजत होती.

मामांनी वायर हलवून पाहिली, खाली वाकून स्पीकरचा दिवा पाहिला. मग त्यांची नजर मुलींकडे गेली. बाराही जणी एका लयीत गोल फिरत होत्या. मामा हळूच खुर्चीत बसले.

"कधीपासून चालू आहे?"

"सुरुवातीपासून, मामा."

त्यांना तेही ऐकू आलं नसावं, पण माझं तोंड बघून कळलं. "कार्यक्रमाला दुसरा माणूस बघ," ते म्हणाले.

"मला दुसरा कुणी नकोय!" मी इतक्या जोरात ओरडले, की नाचणाऱ्या मुली जागच्या जागी थांबल्या.